सेंट पॉल्स हायस्कूल, कॅम्प: मैदानाला पूर्ण मार्क, मराठीचं आधी विचारून घ्या

बेळगावात मिशनची शाळा म्हटलं की बेननस्मिथ आणि सेंट पॉल्स ही दोन नावं हमखास निघतात. पहिलीचं मूळ लंडन मिशनने 1832 मध्ये काढलेल्या इंग्रजी शाळेत, तर दुसरी जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची, 1856 ची. पॉल्सचे माजी विद्यार्थी स्वतःला ‘पोलाइट’ म्हणवतात आणि फादर एडी यांच्या नावाने शाळा-शाळांची फुटबॉल स्पर्धा भरवतात. पावसाळ्यात बुटाच्या स्टडात तांबडी माती गच्च बसते. ती काठीने उकरून मगच पुढचा हाफ. जेझुइट शिक्षणात खेळ हा फावल्या वेळेचा नसतो, हे इथे दिसतं. ज्याला खेळायचंय त्याच्यासाठी शाळा उत्तमच.

धर्माची शंका बऱ्याच घरांत असते. घटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेतल्या धार्मिक शिक्षणाला वा प्रार्थनेला अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते. फॉर्मवर तशी ओळ असेल तर वाचून सही करा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के जागांची मात्र वाट बघू नका. 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अशा अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या आहेत.

खरी मेख भाषेत आहे. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, 625 मार्कांची. त्यात प्रथम भाषेला 125, बाकी पाच विषयांना शंभर-शंभर. इंग्रजी शाळेत ती जागा बहुधा इंग्रजीच घेते, कन्नड सक्तीचं, उरलेल्या जागेवर हिंदी. मराठी घरात बोलायची, मार्कलिस्टात नाही. म्हणून प्रवेशाआधी ऑफिसात एकच प्रश्न विचारा: आठवीत प्रथम, द्वितीय, तृतीय भाषा कुठल्या? तोंडी उत्तरावर जाऊ नका, लिहून मागा.

मराठी शाळेत सातवी करून आठवीला येणारं पोर हुशार असलं तरी पहिल्या घटक चाचणीत घसरतं. गणित येत नाही म्हणून नव्हे. ‘लसावि’ला एलसीएम आणि ‘काटकोना’ला राइट अँगल म्हणतात हे ठाऊक नसतं म्हणून. एप्रिल-मेच्या सुट्टीत सातवीच्या गणित-विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द वहीत समोरासमोर लिहून काढा, रोज दहा. कन्नड त्याहून कठीण: जोडाक्षराचा ‘ओत्तक्षर’ खाली लोंबतो, आणि मराठी डोळ्याला तो दिसतच नाही. त्याला वेगळी शिकवणी लागतेच.

कागदांत दाखल्याबरोबर सॅट्स नंबर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या नोंदीतला मुलाचा नंबर, पाहा. जुन्या शाळेत आडनावाचं स्पेलिंग वा जन्मतारीख चुकली असेल तर तीच चूक पुढे सरकत जाते. नववी संपण्याआधी दुरुस्त करा; दहावीची नोंदणी झाली की हेलपाटे वाढतात. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: इथली शाळा मेअखेरीस सुरू होते, जूनच्या मध्यावर नाही.