रेस्टिक बॅकअप: कॉलेज-युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरसाठी एकदम भरवशाचं
आमच्या सेंटरला मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) आणि निकालाच्या सर्व्हरचा बॅकअप आता रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरवरच चालतो आणि मी तरी मनापासून रेकमेंड करेन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, डेटा एन्क्रिप्ट होऊनच (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा) बाहेर जातो आणि तोच तोच डेटा परत साठवत नाही म्हणून डिस्क लवकर भरत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेस्ट-सर्व्हरचा (रेस्टिकचे बॅकअप दुसऱ्या मशीनवर साठवणारा प्रोग्रॅम) अपेंड-ओन्ली मोड, यात फक्त नवीन भर टाकता येते, म्हणजे मेन सर्व्हर हॅक झाला किंवा एखादी स्क्रिप्ट भरकटली तरी तिथून जुने बॅकअप पुसता येत नाहीत. हे किती महत्त्वाचं आहे ते क्योटो युनिव्हर्सिटीचं बघा, डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवीन व्हर्जन टाकली गेली आणि सुपरकॉम्प्युटरवरचा जवळपास ७७ टीबी डेटा उडाला, १४ रिसर्च ग्रुपना फटका बसला, त्यातल्या ४ ग्रुपचा डेटा परत मिळालाच नाही. बिचाऱ्या पीएचडीवाल्यांचं काय झालं असेल!

पण पासवर्ड हरवला की सगळं गेलं, कोणीच उघडून देऊ शकत नाही. आम्ही तो सीलबंद पाकिटात कुलसचिवांच्या कपाटात ठेवलाय. मूडलसाठी आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली कॉपी) काढा, मग अपलोड केलेल्या फाइल्सचा मूडलडेटा फोल्डर घ्या, नुसत्या फाइल्स घेऊन काही उपयोग नाही. आणि दर सेमिस्टरला परीक्षेआधी रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून लॉगिन होतंय का बघाच. ग्राफिकल स्क्रीन नाहीये, कमांड लाइन यायला हवी.