कँटोनीज रूपवर्णनाची फ्लॅशकार्डं : आठ महिन्यांनंतर

हाँगकाँगला आल्यावर कामापुरतं कँटोनीज जमू लागलं, पण लोक एकमेकांच्या दिसण्यावर जे बोलतात ते डोक्यावरून जायचं. म्हणून खास त्या वाक्प्रचारांचा फ्लॅशकार्डांचा संच घेतला. रोज ट्रेनमध्ये दहा कार्डं.

उच्चारांचं रेकॉर्डिंग झकास आहे. रोमन स्पेलिंगने मात्र मला महिनाभर घुमवलं. ‘झेड’ लिहितात तो चक्क आपला चाकातला च! हे कळल्यावर देवनागरीत स्वतःच लिहून काढलं. आवाजाच्या चढउताराने म्हणजे सुराने शब्दाचा अर्थच बदलतो; असे सूर सहा, ते शब्दापुढे आकड्यांनी लिहिले.

लक्षात राहायला हे शब्द सोपे, कारण चित्रं फर्मास. पिळदार दंड असलेला माणूस ‘साउ क्वा हेय चिन’. आपल्याला दंडात बेटकुळी दिसते, यांना भोपळ्याच्या जातीतलं फळ. डोक्यावर मधोमध टक्कल आणि कडेने केस म्हणजे ‘तेय चुंग होय’. तेय भूमी, चुंग मध्य, होय समुद्र. थेट भूमध्य समुद्र! मी इतकी खूश झाले की ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या समोरच म्हणून दाखवलं. सगळे हसले, ते सोडून. कार्डावर अर्थ होता ‘टक्कल’, बस्स. कुणाला म्हणायचं, कुणाला नाही, याबद्दल अवाक्षर नाही. संचाची खरी खोट हीच.

‘न्गाउ कोउ मा ताय’चंही तेच. बैलाएवढा उंच, घोड्याएवढा मोठा. कार्ड म्हणतं ‘धिप्पाड’. शेजारच्या आजी हे नातवाला म्हणतात तेव्हा सूर असतो आपल्या ‘एवढा घोडा झालास, पिशवी उचलवत नाही?’चा.

सुरांचा फटका वेगळाच. मंडईत प्रत्येक बाई ‘लेंग नोय’, म्हणजे सुंदरी. भेटीला आलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा. (त्या दिवशी भाजी जरा जास्तच घेतली गेली.) परतफेड म्हणून मी भाजीवाल्या पोराला ‘लेंग चाय’ म्हटलं. लेंग 3 म्हणजे देखणा. माझा लागला 1, म्हणजे टिनपाट पोरगं. तो हसला म्हणून निभावलं. हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवून ऐकवायला हवे होते. संचात दुसरा नाहीच.

पाचपैकी तीन तारे. ऐकून समजण्यासाठी घ्या, बोलण्यासाठी नको. परवा लिफ्टमध्ये आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हुंग माउ न्गान’. पांडाचे डोळे. कार्ड न आठवता समजलं. आदल्या रात्री दोनला झोपले होते.