नुसता सिलिंडर की पूर्ण लॉक सेट?

गाडीच्या इग्निशनमध्ये किल्ली अडायला लागली की आधी कपाटातली दुसरी किल्ली लावून बघा. ती सहज फिरली तर झिजली आहे रोजची किल्ली, लॉक नव्हे.

दोन्ही अडत असतील तर माझा कौल नुसता सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात जाऊन फिरते तो लॉकचा आतला भाग, बदलण्याला. स्वस्त पडतो, आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली एसीसीवर (इंजिन सुरू न होता रेडिओ वगैरे चालतो त्या खुणेवर) फिरवून सिलिंडर अडकवून ठेवणारी पिन बारीक सळईने दाबली की जुना सिलिंडर सरळ बाहेर येतो. म्हणूनच किल्ली थोडीफार फिरतेय तोवरच हे काम उरका. ती पुरती अडली की पिन दबत नाही आणि ड्रिल लावावं लागतं. तोटा एकच, दारांना एक किल्ली आणि इग्निशनला दुसरी.

पूर्ण सेटमध्ये दारं, डिकी, इग्निशन सगळं एकाच किल्लीवर. पण त्यासाठी दारांचे पॅड उतरवावे लागतात. हाउसिंगही, म्हणजे सिलिंडर ज्यात बसतो ते बाहेरचं कवच, बदलायचं असेल तर काम आणखी अवघड: स्टिअरिंग कॉलमवरच्या (स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या भागावरच्या) बोल्टची डोकी बहुधा कसतानाच तुटतील अशी केलेली असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. किल्ली चोरीला गेली असेल तरच एवढा खटाटोप करावा.

इमोबिलायझरची (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप किल्लीच्या डोक्यात असते, सिलिंडरमध्ये नाही. जुनी चिप नव्या किल्लीत बसली तर प्रोग्रामिंगचा खर्च वाचतो.

काहीही निवडा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. एअरबॅग असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच कॉलमला हात लावा.