३८३ स्ट्रोकर: ५.७ इंची रॉड घ्यायचा की ६ इंची?

शेवरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिनाचं ३८३ घनइंची स्ट्रोकर (स्ट्रोक वाढवलेलं इंजिन) करायचं म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३.४८ वरून ३.७५ इंच, इथवर सगळं सरळ आहे, पहिल्यांदा बांधणारा अडकतो तो रॉडपाशी, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यापाशी.

५.७ इंची रॉड मूळ ३५० च्याच लांबीचा, त्यामुळे पिस्टनची पिन (जिच्यावर रॉड पिस्टनला जोडलेला असतो) खाली राहते, रिंगांना भरपूर जागा मिळते, आणि रस्त्यावरच्या गाडीला तेच टिकाऊ. ६ इंचीत पिस्टन आखूड नि हलका होतो, बॅलन्सिंग सोपं जातं, रॉड रेशो (रॉडची लांबी भागिले स्ट्रोक) १.५२ चा १.६ होतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा आडवा दाब थोडा कमी होतो, पण पिन इतकी वर जाते की बऱ्याच पिस्टनांत ती ऑइल रिंगच्या खाचेत शिरते, मग तिथे रिंगला आधार देणारी पातळ पट्टी, म्हणजे सपोर्ट रेल, लावावी लागते.

पॉवरमधला फरक? रस्त्यावर जाणवणारसुद्धा नाही. मला विचाराल तर पहिल्या इंजिनाला ५.७ च घ्या. आणि हो, रॉड कुठलाही असो, ब्लॉकच्या खालच्या कडेला बहुतेक वेळा थोडं ग्राइंडिंग लागतं, शिवाय रॉडचा बोल्ट कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) घासत नाही ना, हे क्रँक हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक सिलिंडरला तपासा, घाई अजिबात नको.