रिकाम्या प्लॉटवर आठवणींची बाग: लॉन की झाडं?

गल्लीतले काका विचारून राहिले, कोविडमधी गेलेल्यांच्या आठवणीत कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर लॉन-गुलाब लावायचे की कडुनिंब-बकुळ. पाण्याचं पहा भाऊ, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लॉनला रोज पाणी पाहिजे अन् आठवडा चुकला की सगळं पिवळं. झाडांना पहिले २-३ उन्हाळे सांभाळले की झालं. काळी माती मात्र भेगाळते, नावाच्या पाट्यांचा चौथरा तडकतो, पाया खोल घ्या (आमचा तडकला). खर्च लॉनचाच जास्त, माळी वेगळा. दिसायला लॉन महिन्या-दोन महिन्यात तयार, बकुळीला फुलायला वर्षं लागतात. प्लॉट खासगी, थोड्या दिवसांसाठी मिळाला असेल तर गुलाबच, तेही कुंडीत. मनपाची जागा अन् लेखी परवानगी असेल तर बकुळ.