व्हेपची पॉवर: ठरलेली की बदलता येणारी?

आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची, म्हणजे व्हेपची, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळं बंद आहे. तरी नाशिकला कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर 'कुठला चांगला?' हा प्रश्न निघतोच, म्हणून ठरलेल्या आणि बदलता येणाऱ्या पॉवरच्या व्हेपमधला फरक नीट सांगतो.

साध्या, बटण नसलेल्या व्हेपमध्ये अनेकदा बॅटरीचा व्होल्टेज थेट कॉइलला, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेला मिळतो. लिथियम सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो आणि वापरता वापरता उतरतो. १ ओहमच्या कॉइलवर ४.२ व्होल्टला साधारण १७.६ वॅट होतात, ३.५ व्होल्टला जेमतेम १२.२५. म्हणून सकाळी घशाला चांगलाच लागणारा झुरका संध्याकाळी मिळमिळीत वाटतो. मग माणूस जास्त वेळ, जास्त जोरात ओढतो.

वॅट बदलता येणाऱ्या यंत्रात आतली चिप हा उतार भरून काढते. वॅट वाढवले की वाफ दाट आणि गरम, चव ठसठशीत. पण त्याच झुरक्यात निकोटिनही जास्त जातं, हे पोरांना कुणी सांगत नाही. कॉइलच्या मर्यादेपलीकडे गेलं की तिला द्रव पुरवणाऱ्या कापसापर्यंत तो वेळेत पोचत नाही, कापूस करपतो, घशाशी जळका कडवट वास येतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात.

अनुभवाच्या हिशेबाने दुसरं यंत्र सरस, यात वाद नाही. मला मात्र तेच जास्त धोक्याचं वाटतं, कारण व्यसनाचा डोस वाढवायचं बटण त्यात अंगठ्याखालीच असतं. ज्याला सुटायचंय त्याने १८००-११-२३५६ या तंबाखू-निकोटिन सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनला फोन करावा.