'आजीवन लायसन्स' सात आठवड्यांत बंद पडलं

मिरजेत मी गाणं शिकवते. प्रारंभिक ते मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षांना बसणारी मुलं घरी येतात, शिवाय 14 जण ऑनलाइन शिकतात. बरेचसे पुण्यातले, दोन मुली दुबईच्या. ऑनलाइन शिकवणारे सगळेच हल्ली स्वस्तातली सोय शोधतात, आणि नेमके तिथेच माझ्यासारखे अडकतात, म्हणून हे लिहिते आहे. माझे 9,300 रुपये गेले. पण पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच.

झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग 40 मिनिटांनी बंद होते. आधी दोघांच्याच मीटिंगला ही अट नव्हती, 2022 पासून तिलाही लागू झाली. यमनचा आलाप नुकता गांधारावर स्थिरावतोय आणि मीटिंग संपते. परत लिंक, परत तानपुरा, आणि मुलाचं लक्ष उडालेलं ते उडालेलंच. या त्रासाला मी कंटाळले होते.

अशात संगीत शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: झूमचं आजीवन लायसन्स, वेळेची मर्यादा नाही. मी फोन केला. माणूस फार अदबीनं बोलला. "मॅडम, 6,500 एकदाच भरा, मग जन्मभर बघायला नको." मग विचारलं, विद्यार्थी किती? मी चौदा म्हटलं. "मग प्रत्येकामागे 200 रुपये. त्यांचंही लायसन्स लागतं ना." परीक्षेची फी आपण प्रत्येक मुलाची वेगळी भरतो, त्यामुळे मला ते खरंच वाटलं. ते साफ खोटं होतं. लायसन्स लागतं ते फक्त मीटिंग घेणाऱ्याला, बाकीचे लिंकवरून फुकट येतात. आणि झूमचं वर्गणीचं खातं महिन्याचं किंवा वर्षाचं असतं, आजीवन असं काही नसतंच.

पैसे यूपीआयनं एका व्यक्तीच्या नावावर गेले, कंपनीच्या नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण व्हॉट्सॲपवर शिक्क्याचं, जीएसटी नंबर छापलेलं बिल आलं आणि मी निश्चिंत झाले.

लॉगिन त्यानंच पाठवलं, पासवर्डसकट. सात आठवडे सगळं सुरळीत चाललं. रेकॉर्डिंग झूमच्याच सर्व्हरवर साठत होतं, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मी काहीच ठेवलं नाही. आठव्या आठवड्यात एका संध्याकाळी लॉगिनच होईना. खातं ॲडमिननं बंद केल्याचा संदेश दिसत होता. त्या माणसाला चार फोन केले, पाचव्यांदा नंबर बंद लागला.

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीचे वडील आयटीत आहेत. त्यांनी लॉगिनचा ईमेल पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा पत्ता कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचा दिसतोय. त्यांच्या खात्यात तुम्हाला घुसवलं होतं, त्यांच्या लक्षात आल्यावर काढून टाकलं." मग बिल मागवून घेतलं आणि जीएसटी नंबरवर बोट ठेवून एकेक अक्षर मोजलं. चौदाच भरली. खरा नंबर 15 अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. दोन मिनिटांचं काम होतं.

पुढे त्यांनी जे सांगितलं त्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग त्या खात्याच्या ॲडमिनला उघडून बघता येतं. दहा-बारा वर्षांच्या मुली आपापल्या खोलीत बसून गातायत, असं सात आठवड्यांचं रेकॉर्डिंग अनोळखी माणसांच्या हाती राहिलं. प्रत्येक पालकाला मी स्वतः फोन करून हे सांगितलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेलाही कळवलं, पण तोवर दोन महिने होत आले होते. पैसे गेल्या गेल्या या नंबरवर फोन केला तर समोरच्याच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्याकडे फक्त तक्रार क्रमांक आहे.

मग शांतपणे वही घेऊन बसले. चौदांपैकी अकरा जण एकेकटे शिकतात, तिघांचा एकच वर्ग. गूगल मीटवर दोघांची मीटिंग फुकटात 24 तासांपर्यंत चालते, तिघांपासून पुढे 60 मिनिटं. माझा वर्ग 50 मिनिटांचा. म्हणजे मला विकत काही घ्यायची गरजच नव्हती! परीक्षेच्या तोंडावर एकत्र रियाज लांबतो, तेवढ्या महिन्यापुरती आता झूमच्याच साइटवरून वर्गणी भरते. तिथे गाण्यासाठी एक सोय फार चांगली आहे. एरवी मशीनला तानपुरा पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की जोडीच्या तारा ऐकू येतात. आणि रेकॉर्डिंग आता माझ्या कॉम्प्युटरवरच उतरतं. झूमच्या फुकट खात्यावरही ते जमतं.

दुबईच्या धाकटीनं तिची पहिली बंदिश, भूपातली, त्या सात आठवड्यांत पूर्ण गायली होती. आजीला ऐकवायची म्हणून तिची आई परवा परत विचारत होती, "ताई, ते रेकॉर्डिंग कुठे मिळेल का हो?"